मलेरिया नाही, मग ताप कशाचा?

गडचिरोलीत ताप आला की आधी मलेरियाची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ती निगेटिव्ह आली आणि ताप हटत नसेल, तर सूरजागडसारख्या जंगलपट्ट्यात ‘स्क्रब टायफस’ची शंका घ्यावी. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात याची साथ आली होती.

गोचिडाच्याच कुळातल्या एका बारीक किड्याची अळी चावते आणि ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जीवाणू अंगात शिरतो. पावसाळा व त्यानंतरचे महिने धोक्याचे. चावा कळतही नाही; ताप, डोकेदुखी, अंगदुखी साधारण ६ ते २१ दिवसांनी सुरू होते. काख, जांघ, कंबर, स्तनांखालची जागा नीट पाहावी: विडीचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण दिसला तर निदान जवळजवळ झालेच. तो सर्वांना येत नाही.

आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून अहवालासाठी उपचार अडवून ठेवणे चूकच. डॉक्सीसायक्लिन हेच मुख्य औषध. गरोदर महिलांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. वेळेत दिल्यास ताप बहुधा ४८ तासांत उतरतो, पण गोळ्या अर्धवट सोडल्या तर तो उलटू शकतो. उशीर झाल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांना धोका.

शेतात, जंगलात गेला असाल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते त्यांना सांगा.