एका तारखेच्या पोटात : 12 मे, टेक्सास आणि सुपे

भिगवणच्या एका वाचकांचा टोमणा : अमेरिकेतल्या 12 मेच्या घटना पुरे, त्या दिवशी आपल्याकडं काय झालं ते सांगा की!

सांगतो. 12 मे 1875, वार बुधवार. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा भीमथडीत होतं. आसपासच्या गावांतले कुणबी पेठेत जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, काही घरं पेटवली. पण त्यांचा खरा डोळा कागदांवर होता. वह्या आणि कर्जाची खतं बाहेर ओढून त्यांची होळी केली. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचलं, तीसहून जास्त गावांत. पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात.

बरोबर दहा वर्षं मागं जा. 12 मे 1865, टेक्सासात रिओ ग्रांदेच्या काठी पाल्मिटो रँचला अमेरिकन यादवीतली शेवटची लढाई सुरू झाली. दक्षिणेचे सेनापती ली शरण येऊन महिना उलटला होता. लढाई दक्षिणेनं जिंकली. युद्ध ती केव्हाच हरली होती. उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवल्यावर दक्षिणेचा कापूस याच नदीवरून मेक्सिकोत उतरवून बाहेर पाठवला जायचा.

तारीख जुळली हा योगायोग. कापूस मात्र योगायोग नाही. यादवीआधी ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांश अमेरिकेतून यायचा. 1861 मध्ये 20 लाखांवर गाठी आल्या, 1862 मध्ये अवघ्या 55 हजार. मँचेस्टरनं मुंबईकडं तोंड वळवलं. मुंबईचा पैसा शहरी पेढ्यांतून गावच्या सावकाराकडं आणि तिथून शेतकऱ्याकडं उचल म्हणून वाहू लागला. 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार झोपला आणि खाली गावात सावकारानं हात आखडला.

शाळेत शिकवतात ते इथवर. मला ते अपुरं वाटतं. भीमथडी-इंदापूर म्हणजे वऱ्हाड-खानदेश नव्हे. हा ज्वारी-बाजरीचा, पावसाकडं डोळे लावून बसणारा मुलूख. माझं बोट आधी आपल्याच इंदापूरकडं जातं. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी 1836 मध्ये पहिल्यांदा लागू झाली ती इथं. मुदत तीस वर्षांची. म्हणजे फेरआकारणीची पाळीही पहिल्यांदा इंदापूरवरच आली, 1867 मध्ये. मधल्या तेजीच्या हिशेबानं सारा चढवला आणि तो भरायचा मंदीत!

त्यात 1859 चा मुदतीचा कायदा. खत तीनच वर्षं चालणार, असा त्याचा नियम. हेतू कुणब्याला वाचवण्याचा. सावकारानं तोच त्याच्या गळ्यात अडकवला. समजा, 100 रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी 172 झाले. देता येत नाहीत? मग अंगठा उठवा, नवं खत 172 चं. आणखी तीन वर्षांनी देणं 295 च्या वर. पुन्हा अंगठा. व्याज मुद्दलात मुरलं की कोर्टाला दिसतं ते फक्त शेवटचं खत, आणि हुकूमनामा त्याच आकड्याचा. घरातली गोणी-दोन गोणी ज्वारी लुटण्यापेक्षा तो कागद जाळणं सुप्याच्या लोकांना का महत्त्वाचं वाटलं, ते या हिशेबात आहे. मी तरी त्याला आंधळा दंगा म्हणणार नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढं गेला. 1879 मध्ये पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. आता न्यायाधीशाला खताच्या मागं जाऊन मूळ उचल किती होती ते तपासता येऊ लागलं. त्या कायद्यातून सावकारांनी काढलेल्या पळवाटा हा वेगळा विषय; त्यात आज शिरत नाही.

शेवटी एक विनंती. सुपे, बारामती, इंदापूर भागात कुणाच्या माळ्यावर मोडीतली जुनी खतं, चोपड्या, पावत्या पडल्या असतील, तर रद्दीत घालू नका. वाचणारा मिळेपर्यंत कोरड्या जागी कापडात बांधून ठेवा आणि आम्हाला कळवा.