शिट्टी, बाटली आणि नदी

काही वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर नाशिकच्या एका नागरिकाचा फोटो समाजमाध्यमांवर खूप फिरला. निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या कुणी गोदावरीत टाकू नयेत म्हणून हा गृहस्थ शिट्टी घेऊन दिवसभर रस्त्यात उभा होता. जे ऐकत नसत, त्यांच्यापुढे तो नदीच्या पाण्याची बाटली धरी आणि एक घोट प्यायला सांगे. पवित्र मानलेलं ते पाणी प्यायला अर्थातच कुणी धजावत नसे.

त्याने याला कला म्हटलं नव्हतं. पण रस्त्यावरच्या सादरीकरण कलेचे सगळे घटक त्यात होते: भर रस्त्यातली जागा, स्वतःचं शरीर, एक साधी वस्तू आणि नकळत पात्र झालेला प्रेक्षक.

अमेरिकेत रॉब ग्रीनफिल्ड या पर्यावरण कार्यकर्त्याने 2016मध्ये असंच सादरीकरण ठरवून केलं. महिनाभर तो आपण निर्माण केलेला सगळा कचरा खास शिवलेल्या पारदर्शक पोशाखात अंगावर घालून न्यूयॉर्कमध्ये फिरला. कागदी कप, पिशव्या, वेष्टनं रोज वाढत गेली आणि त्याला चालणंही जड झालं.

अशा प्रयोगांची ताकद एकाच गोष्टीत आहे. घंटागाडीत गेलेला किंवा पुलावरून फेकलेला कचरा आपल्या नजरेआड होतो. हे प्रयोग तो पुन्हा डोळ्यांसमोर आणतात. आकडेवारी ऐकून मान डोलावणारा माणूस समोरच्या बाटलीपाशी अडखळतो.

महाराष्ट्रात 2018पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तेव्हा निर्माल्य पिशवीतून काढून त्यासाठी ठेवलेल्या कलशातच टाका, आणि पुलावर कुणी अडवलं तर त्याच्याशी हुज्जत न घालता दोन मिनिटं थांबून ऐका.