पवनेकाठची जुनी बोट: आधी वाळवा, मग भरा

पवना धरणात फिरणाऱ्या जुन्या फायबर बोटीला तडा दिसला की पुट्टी भरून, रंग मारून मोकळं व्हायची घाई असते. पण बोटीवरचा जेलकोट म्हणजे रंग नव्हे. पाणी अडवणारा तो पॉलिएस्टर रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर आहे. आत मुरलेला ओलावा तसाच झाकला, तर पुढे फोड येतात. म्हणून तडा तळापर्यंत खरवडा, ॲसिटोनने पुसा, पुरता वाळू द्या. ‘गोड्या पाण्याने काय होतंय?’ असं कुणी म्हणेल. उलट रेझिनमध्ये गोडं पाणी खाऱ्यापेक्षा लवकर मुरतं. मावळच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये. मार्च-एप्रिल बरा, तोही सावलीत. वाळलेला तडा जेलकोटनेच भरा; त्यात हार्डनर एक-दोन टक्केच. वर प्लॅस्टिक लावा, नाहीतर हवेने पृष्ठभाग चिकट राहतो.