यात्रेचा मुक्काम आणि घरची वडील माणसे

मार्गशीर्ष उतरणीला लागला की नांदेड-लातूरकडच्या घराघरांतून एकच विषय निघतो. माळेगावला केव्हा निघायचे? लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा, तिथला घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, कुस्त्या, लावणी, हे सारे तुम्हाला ठाऊकच आहे. धर्माबादकडची मंडळी उमरी, मुदखेड करीत रेल्वेने नांदेड गाठतात आणि पुढे लातूरच्या रस्त्याला लागतात. पण या गडबडीत घरातल्या आजोबांना हळूच सांगण्यात येते, "बापू, औंदा तुम्ही घरीच राहा. तिथं तुमचे हाल होतील." ज्या माणसाने चाळीस वर्षे यात्रा चुकविली नाही, त्याला हे ऐकताना काय वाटत असेल?

हाल होतात हे खरे आहे. परंतु ते बहुधा यात्रेमुळे होत नाहीत, चुकीच्या जागी पाल ठोकल्यामुळे होतात. तेव्हा जागा कशी निवडावी, याचा थोडा विचार करू या.

आपण जागा पाहतो ती बाजारापासून जवळ, देवळापासून जवळ अशी. वडील माणूस बरोबर असेल तर मोजमाप शौचालयापासून सुरू करा. कारण असे की, शौचालय लांब असले म्हणजे म्हातारी माणसे पाणी पिणेच कमी करतात. रात्री कोणाला उठवायचे, अंधारात कसे जायचे, हा त्यांचा संकोच. त्यातून उतारवयात तहानही कमी लागते. पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीची जळजळ होते, बुद्धकोष्ठ होते. आणि आपण म्हणतो, यात्रा बाधली! म्हणून शौचालय पन्नासेक पावलांत असावे, पण वाऱ्याच्या आणि उताराच्या दृष्टीने पालाच्या वरच्या अंगाला नसावे. उकिडवे बसता येत नसेल तर घडीची कमोड खुर्ची बरोबर न्यावी. एका बाजूला पडदा लावला की काम भागते.

आता जमिनीचे पाहा. आपल्याकडची काळी जमीन कोरडी असताना भेगाळते आणि ओली झाली की चिकटते. दोन्ही वेळी काठी रुतते, पाय मुरगळतो. मुरमाड, सपाट, थोडी उंचावरची जागा बरी. चाकाची खुर्ची असेल तर वाट हाताने ढकलून पाहावी. उतरण करायची झाल्यास एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरावे. पालाच्या दोऱ्या आणि खुंट्या ही रात्रीची मोठीच अडचण. त्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा आणि वाटेवर एक दिवा रात्रभर ठेवा.

निजण्याची सोय जमिनीवर नको. गुडघ्याइतक्या, म्हणजे सुमारे अठरा इंच उंचीच्या बाजेवरून उठणे सोपे जाते. बाज नसेल तर कडब्याचा जाड थर, त्यावर घोंगडी, त्यावर वाकळ. कारण डिसेंबरच्या रात्री थंडी खालून चढते. रात्री उठताना मिनिटभर काठावर बसावे आणि मग उभे राहावे. एकदम उठले की रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो. एक गोष्ट मात्र कदापि करू नका: बंद पालात कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो.

जनावरांचा बाजार आणि कर्णे यांपासूनही लांब राहावे. धुळीने दमेकऱ्याला त्रास, आवाजाने झोपेचे खोबरे. पण गाडीरस्ता जवळ हवा, कारण वेळ पडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पालापर्यंत आली पाहिजे. वडिलांच्या खिशात नाव, गाव, घरचा फोन आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हेच नियम इतरत्रही लागू पडतात. पंढरपूरला चंद्रभागेपलीकडे पासष्ट एकरात दिंड्यांना जागा मिळते. तिथे आपली दिंडी पाण्याच्या आणि शौचालयाच्या बाजूला कशी येईल, हे आधी जाऊन पाहावे. धर्माबादच्या शेजारच्या बासरला गोदावरीचे पुष्कर बारा वर्षांनी येते. २०१५ साली ते जुलैत झाले, पुढचे २०२७ साली आहे. दिवस पावसाचे, म्हणून मुक्काम घाटाच्या पायऱ्यांलगत न करता उंचावरच्या पक्क्या इमारतीत करावा आणि स्नानाला कठड्याची, कमी पायऱ्यांची जागा पाहावी.

शेवटी एकच. घरातला एक तरुण आदल्या दिवशी पुढे पाठवा, त्याने जागा धरावी. आणि निघण्यापूर्वी वडिलांनाच विचारा, "रात्री किती वेळा उठावं लागतं? किती चालवतं?" उत्तर ऐकून मगच पालाची जागा ठरवा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस. टी.चा प्रवास राज्यात मोफत आहे. तिकिटाचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो आपल्या तयारीचा.