पाण्याच्या वाटेने साष्टी: दहिसरला मुक्काम, अडीच दिवसांची भटकंती

साष्टी बेटाच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला मनोरीची खाडी आणि तिच्यापलीकडे खुला समुद्र. रेल्वे आणि हमरस्ते येण्याआधी इथली माणसे, माल आणि सैन्ये याच पाण्यावरून ये-जा करत. म्हणून लेणी असोत, पोर्तुगीजांची चर्चे असोत की किल्ले, या भागात पाहण्यासारखे जे काही आहे ते बहुतेक खाडीच्या काठाला, नाहीतर खाडीला मिळणाऱ्या एखाद्या नदीच्या आसपास सापडते. व्हेनिसला गेलेला प्रवासी कालव्यांच्या काठाने शहर पाहत जातो. मुंबईच्या उत्तर टोकाला दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यानेही पाण्याचाच माग धरावा. त्यासाठी दहिसरसारखी मुक्कामाची जागा नाही. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिका दहिसर पूर्वेला एकत्र येतात, आणि विरार लोकलने खाडी ओलांडून वसई गाठायला फार वेळ लागत नाही.

दहिसर नदी उगम पावते ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, तुळशी तलावाजवळ. बोरिवली आणि दहिसरच्या वस्तीतून वाहत ती मनोरीच्या खाडीला मिळते. आज तिचे पात्र भिंतींनी आवळलेले आहे आणि शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते. २६ जुलै २००५ च्या महापुरात हीच नदी घराघरांत शिरली होती. उद्यानाच्या आतला तिचा वरचा भाग मात्र अजून स्वच्छ, खडकाळ आणि झाडीने झाकलेला आहे. नदी मुळात कशी होती हे तिथे कळते.

पहिल्या दिवशी दुपारनंतर मंडपेश्वर पाहावे. मेट्रो २अ वर याच नावाचे स्थानक आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेले हे शैव लेणे जोगेश्वरी आणि घारापुरीच्या लेण्यांचे समकालीन मानले जाते. पूर्वी नदी लेण्याच्या अगदी जवळून वाहत होती, पुढे तिचे पात्र सरकले असे सांगतात. मधल्या प्रशस्त मंडपाच्या मागे गाभारा आहे आणि तिथल्या शिवलिंगाची आजही पूजा होते. बाजूच्या दालनात नृत्य करणाऱ्या शिवाचा मोठा शिल्पपट आहे. हातपाय तुटलेले, चेहरे झिजलेले, तरी कमरेचा बाक आणि भोवती जमलेल्या देवगणांची दाटी अजून जाणवते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचा ताबा घेतला, आत प्रार्थनास्थळ केले आणि वरच्या डोंगरावर चर्च व मठ बांधला. त्या बांधकामाच्या उघड्या पडलेल्या भिंती लेण्याच्या माथ्यावर उभ्या आहेत आणि आत एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे. एकाच खडकावर दोन धर्मांच्या खुणा अशा वर-खाली वाचता येतात, हे मंडपेश्वरचे वेगळेपण.

पुढचेच स्थानक एकसर. गावठाणातले वीरगळ पाहायला फारसे कोणी येत नाही, आणि ते चुकवणे हे मोठे नुकसान आहे. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, पण त्यांवर सहसा गाई पळवणाऱ्यांशी झालेली झुंज किंवा घोडेस्वारांची लढाई असते. एकसरच्या उंच शिळांवर जहाजे आहेत. पुढचे टोक उंच वळलेली, वल्ह्यांच्या रांगा असलेली ही जहाजे शत्रूवर चालून जातात. वरच्या पट्टीत वीर स्वर्गाला गेलेला दिसतो. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी युद्धाचे हे स्मारक असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मध्ययुगीन भारतातले समुद्रयुद्ध दगडात इतके तपशीलवार क्वचितच पाहायला मिळते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम जास्त उठून दिसते.

दुसरा दिवस पूर्ण कान्हेरीच्या लेण्यांना द्यावा. मेट्रो ७ च्या राष्ट्रीय उद्यान स्थानकावर उतरून मुख्य दरवाजातून आत गेले की लेणी काही किलोमीटर आत आहेत, सकाळी लवकर निघावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे आधीच लक्षात घ्यावे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षे या डोंगरात बौद्ध भिक्खू राहिले आणि शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. कल्याण, सोपारा, नाशिक, पैठण इथल्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद शिलालेखांत आहे. दाते मुख्यतः व्यापारी आणि त्यांच्या घरचे लोक. बंदरातला पैसा डोंगरात कसा पोहोचला याचा हा लेखी पुरावा आहे.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह दुसऱ्या शतकातले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. या मूर्ती नंतरच्या शतकांतल्या. आतल्या खांबांकडे नीट पाहिले तर काहींचे शिरोभाग हत्ती आणि माणसांच्या आकृत्यांनी घडवलेले, तर बाकीचे साधे अष्टकोनी, तसेच सोडून दिलेले दिसतात. काम मध्येच कुठे थांबले ते छिन्नीच्या रेषेवरून कळते. अकरावे लेणे ‘दरबार’ म्हणून ओळखले जाते. त्यात दगडी बाकांच्या दोन लांब ओळी आहेत. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत खोदलेली नावे अकराव्या शतकातल्या पारशी पाहुण्यांची आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक इथे लेणी पाहायला येत होते.

तरीही कान्हेरीचे खरे वैभव पाण्याच्या व्यवस्थेत आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका कोपऱ्यात टाके आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि पोढी खोदवून देणे हे स्वतंत्र दान मानले जाई. दर्शनी भागाच्या वर खडकात उथळ पन्हळी कोरल्या आहेत. उतारावर पडलेला पाऊस त्या पकडतात, ओसरीत पाणी येऊ देत नाहीत आणि वळवून टाक्यात सोडतात. ओढ्यावर बांध घालून पाणी अडवल्याच्या खुणाही वर आहेत. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडा खडक, अशा ठिकाणी मोठा संघ वर्षभर राहू शकला तो या पन्हळींमुळे. पावसाळ्यात गेले तर ही व्यवस्था चालू अवस्थेत पाहता येते, मात्र शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून चालावे लागते. याच डोंगरात इंग्रजांनी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पूर्ण केला. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी त्यांनीही हीच खोरी निवडली.

तिसऱ्या दिवशी खाडीपलीकडे जावे. भाईंदर सुटले की लोकल वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढते आणि मधले पाणजू बेट लागते. ओहोटीच्या वेळी दोन्ही काठांना चिखल आणि कांदळवन उघडे पडते. गुजरातचा सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्यांनी इथे नुसता किल्ला न बांधता तटबंदीच्या आत अख्खे शहर वसवले. चर्चे, मठ, रुग्णालय, सरदारांचे वाडे यांचे अवशेष आता झाडीत विखुरले आहेत. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याजवळ उभे राहिले की या शहराचा पसारा लक्षात येतो. बंदर दरवाजातून बाहेर पडले की थेट कोळ्यांच्या होड्या आणि सुकत घातलेली मासळी.

चिमाजी अप्पांच्या मराठा सैन्याने मे १७३९ मध्ये हा किल्ला घेतला. समुद्राच्या बाजूने मदत येऊ न देणे आणि जमिनीच्या बाजूने सुरुंग लावून बुरूज उडवणे, या दोन्ही गोष्टी साधल्यावरच तो पडला. चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, भीमाशंकरची आणि मेणवलीची घंटा प्रसिद्ध आहेत. मराठी सत्तेच्या ऱ्हासाची वाट मोकळी करणारा १८०२ चा वसईचा तहही याच गावाच्या नावाने ओळखला जातो. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्यावी. वसईच्या केळ्यांची ती सुकवलेली मिठाई आता दुर्मिळ होत चालली आहे.

वसईच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. प्राचीन शूर्पारक ते हेच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये इथला स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती आठ लहान धातुमूर्ती निघाल्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच त्या वर्षी इथे मिळाला. लोक स्तूपाच्या जागेला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आज तिथे विटांचा उंचवटा आणि शांत आवार एवढेच आहे, त्यामुळे आधी थोडे वाचून गेल्यासच त्याचे महत्त्व कळते.

अर्धा दिवस हाताशी असेल तर बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईची बोट पकडावी. पलीकडचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. एकमेकांत अडकवलेल्या दगडांचा त्याचा घुमट आत एकाही खांबाशिवाय उभा आहे आणि त्याखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात. तिथून मनोरी आणि उत्तनच्या बाजूला गेले तर कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी घरे आणि बांबूच्या वलांड्यांवर वाळणारे बोंबील दिसतात. बोट भरतीच्या वेळी सोयीची पडते. परतीचा प्रवास दक्षिण मुंबईतून असेल तर सोपाऱ्याचा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. स्तूपातले करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.