डुक्कर कोणाचं, मदत कोणाला?

अमेरिकी शेतकऱ्यांसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी डिसेंबर २०२५मध्ये १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, तेव्हा आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावल्या. व्यापार-वाटाघाटीत भारताला शेतीबाजार खुला करा म्हणायचं आणि घरी तिजोरी उघडायची! राग रास्तच आहे. पण हा पैसा नेमका कोणाच्या खात्यात पडतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. उत्तर हवं असेल तर करोनाकाळातल्या मदतीकडे पाहावं. तिचा हिशेब आता बराचसा उघड आहे.

आयोवाच्या वायव्य टोकाला सू काउंटी आहे. माणसं सुमारे ३६ हजार, डुकरं दहा लाखांवर. एप्रिल २०२०मध्ये शेजारच्या साउथ डाकोटातला स्मिथफील्डचा सू फॉल्स इथला कत्तलखाना करोनामुळे बंद पडला. देशातलं चार-पाच टक्के डुकराचं मांस या एकाच ठिकाणाहून येत होतं. तयार डुक्कर थांबवून ठेवता येत नाही. त्याचं वजन वाढत राहतं, खाद्याचा खर्च चढतो आणि शेडमध्ये पुढची पिल्लं यायची वेळ होते.

मदत आली ती नगावर. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या मोठ्या डुकरामागे १८ डॉलर, पिलामागे २८. त्यानंतरच्या महिनाभरात जास्तीत जास्त जितकी जनावरं दावणीला होती, त्यांच्यावर नगामागे १७ डॉलर. हजार मोठी डुकरं विकलेल्याला विक्रीपोटी १८ हजार मिळाले. व्यक्तीला अडीच लाखांची मर्यादा होती, पण तीन भागीदार शेतात राबतात असं दाखवणाऱ्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत मुभा होती. काउंटीतलं शेती कार्यालय लोकांसाठी बंद, अर्ज फोन-ईमेलवर. आकडे शेतकऱ्यानंच भरायचे, खाली सही करायची. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटले गेले. या देयकांची तपासणी आणखी काटेकोर करा, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांना २०२२मध्ये सांगावं लागलं.

माझ्या मते खरी मेख आहे ती मालकीत. आयोवातले कितीतरी शेतकरी करारावर डुकरं वाढवतात, आपल्याकडे ब्रॉयलर कोंबड्या वाढवतात तसेच. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं. शेड, वीज, मेहनत आणि बँकेचं कर्ज शेतकऱ्याचं. मदत होती किमतीची जोखीम घेणाऱ्या मालकासाठी. म्हणजे शेड रिकामं राहिलं तरी हप्ता भरणारा माणूस पहिल्या वाटपात बसतच नव्हता. डिसेंबर २०२०च्या कायद्यानं करारी शेतकऱ्यांसाठी वेगळी तरतूद केली. पैसे हाती यायला २०२१ उजाडलं. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं तर विचारूच नका. आयोवाचे माजी गव्हर्नर आणि पुढे कृषिमंत्री झालेले टॉम विल्सॅक यांनीच सांगितलं, की तोवर वाटलेल्या जवळपास २६ अब्जांतले त्यांच्या वाट्याला आले जेमतेम २ कोटी ८ लाख, म्हणजे ०.१ टक्का.

आणि त्या संकटाच्या वर्षी अमेरिकी शेतीचं एकूण निव्वळ उत्पन्न २०१९पेक्षा चक्क वाढलं! सरकारनं थेट दिलेली रक्कम सुमारे ४६ अब्जांवर गेली होती. मदत पोचली नाही असं कुणीच म्हणणार नाही. ती आधीच मोठ्या असलेल्यांकडे मोठी होऊन पोचली.

आपण हसायचं कारण नाही. एप्रिल २०२०मध्ये आपल्या केंद्रानं पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता लवकर दिला. रक्कम सगळ्यांना सारखी, ही त्यातली चांगली बाजू. पण तो हप्ता जमीन नावावर असलेल्याला मिळतो. खंडानं किंवा बटईनं कसणाऱ्याला नाही. तिथं डुक्कर नावावर लागतं, इथं सातबारा. घाम कोणाचा, हा रकाना दोन्हीकडच्या अर्जात नाही. तो घातल्याशिवाय पॅकेजचे आकडे फुगवण्यात अर्थ नाही.