काळ्या मातीतील कोळसा

ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील अरण्य घनदाट. परंतु तेथील जमीन बहुतांशी निकस आहे. मुसळधार पावसाने तिचे सत्त्व धुऊन जाते. तरीही मधूनमधून काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे आढळतात. सुमारे २५०० ते ५०० वर्षांपूर्वी तेथे राहिलेल्या लोकांनी कोळसा, हाडे, खापऱ्या व खरकटे जमिनीत टाकले. त्यातून ही माती घडली. खरकटे केव्हाच कुजले. कोळसा मात्र अद्याप टिकून आहे!

पालापाचोळा उघड्यावर पेटविला, की त्यातील कर्ब प्राणवायूशी संयोग पावतो व कर्बवायू होऊन उडून जातो. पृथ्वीचे तापमान वाढविणारा वायू तो हाच. तोच पाचोळा अपुऱ्या हवेत भाजला, तर बराचसा कर्ब कोळशात उरतो. मातीतील सूक्ष्म जीवांना तो सहजी पचत नाही. झाडांनी हवेतून घेतलेला कर्ब अशा रीतीने शतकानुशतके जमिनीतच अडकून राहतो.